धुलाईपूर्वी आईला चित्रे पाहू देण्याबाबत

प्रति,
मा. सहायक आयुक्त,
सीमाशुल्क, वर्गीकरण शाखा,
माल संकुल, दुसरा मजला.

विषय : माझ्या दिवंगत भावाने रंगवलेली उरलेली आठ चित्रे ‘वापरलेल्या रुग्णालयीन चादरी’ म्हणून धुण्यापूर्वी माझ्या आईला एकदा पाहू देण्याबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज आणि आपल्या शाखेचे नमुना धुलाईविषयीचे पत्र.

महोदय,

हा माझा चौथा अर्ज आहे. आधीच्या तिन्ही अर्जांत चित्रे सोडवून मिळावीत अशी विनंती केली होती. ती विनंती मी या अर्जाने मागे घेत आहे. वाद घालण्याचे त्राण आता माझ्यात उरलेले नाही, आणि खरे सांगायचे तर वाद घालून मी दर वेळी प्रकरण अधिकच बिघडवले आहे. आताचे मागणे लहान आहे. ते का आहे हे कळावे म्हणून झालेली हकिकत मांडते.

१. माझा धाकटा भाऊ परदेशात एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होता. यंत्रातून चादरी काढायच्या, सुकवायच्या, घड्या घालायच्या, हे त्याचे काम. विटलेल्या, विरलेल्या चादरी तिथे बाद करत. त्यांतल्या काही मागून घेऊन तो खोलीवर नेई, जुन्या खिडक्यांच्या चौकटींवर ताणून बसवी आणि त्यांवर चित्रे काढी. कॅनव्हास परवडत नव्हता. रंगही तो भुकटीत डिंक कालवून घरीच करी. फोनवर हे सांगताना तो हसायचा. म्हणायचा, "ताई, इतकं स्वच्छ कापड कुठल्या चित्रकाराला मिळत असेल गं?" गेल्या हिवाळ्यात तो न्यूमोनियाने गेला. त्याचे सगळे तिकडच्यांनीच केले. आम्हाला जाता आले नाही. त्याच्याच खोलीत राहणाऱ्या, धुलाईघराचा बॉयलर सांभाळणाऱ्या मित्राने चित्रे चौकटींवरून उतरवली, एकत्र गुंडाळली, वर ‘नऊ चित्रे’ असे लिहिले आणि आमच्या पत्त्यावर पाठवून दिली.

२. ती गुंडाळी आपल्या गोदामात उघडली तेव्हा मी हजर होते. आपल्या शाखेचे निरीक्षक सभ्य गृहस्थ आहेत. त्यांच्याविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही, हे कृपया नोंदवून घ्यावे. त्यांनी पहिले चित्र उलटे करून पाहिले, कोपऱ्यावरून बोट फिरवले आणि म्हणाले, "बाई, चारी बाजूंनी शिवण आहे, कोपऱ्यात धुलाईघराचा शिक्का आहे. ही चादर आहे. वर रंग आहे, ते मी कुठे नाकारतोय?" त्यांनी मला नियम समजावून सांगितला. शुल्काच्या यादीत हाताने काढलेले चित्र एका शीर्षकाखाली येते आणि हाताने सजवलेली तयार वस्तू दुसऱ्या. बशीवर कितीही सुंदर फुले रंगवली तरी कागदोपत्री ती बशीच. मी म्हटले, उद्या चौकटी आणते, इथेच ताणून बसवते, मग तर चित्रे दिसतील? त्यावर ते म्हणाले, "गोदामात आलेल्या मालाचं स्वरूप बदलता येत नाही."

एवढ्यावर मी गप्प बसले असते, तर शोभेच्या चादरी म्हणून का होईना, चित्रे घरी आली असती.

३. पण मला वाटले, रुग्णालयाने एक पत्र दिले तर त्या चादरी आता चादरी राहिलेल्या नाहीत हे सिद्ध होईल. भावाच्या मित्राने बिचाऱ्याने धावपळ करून पत्र मिळवले. रुग्णालयाने अगदी आपुलकीने लिहिले होते की, आमच्या या मनमिळाऊ कामगाराला आम्ही वॉर्डांतून बाद झालेले निकामी कापड खुशीने दिले होते. ते पत्र मी मोठ्या आशेने टेबलावर ठेवले. निरीक्षकांनी ते दोनदा वाचले आणि चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाले, "हे तुम्ही कशाला आणलंत?" त्या दिवसापासून चित्रांचे वर्गीकरण ‘वापरलेले रुग्णालयीन कापड’ असे झाले. असे कापड उकळत्या पाण्यात धुऊन निर्जंतुक केल्याशिवाय बाहेर सोडता येत नाही. धुरी देऊन भागेल का, असे मी विचारले. धुरी लाकडाच्या खोक्यांसाठी असते, असे उत्तर मिळाले. धुतल्याने मालाचे स्वरूप बदलत नाही का, असेही विचारले. त्यावर निरीक्षक म्हणाले, "चादर धुतली तरी चादरच राहते, बाई."

४. माझ्या दुसऱ्या अर्जावरून आपण कृपाळूपणे एक तज्ज्ञ नेमलेत. कला महाविद्यालयातले ते प्राध्यापक आले, तेव्हा गोदामाच्या फरशीवर नऊही चित्रे एकदम मांडली होती. मीही ती पूर्ण अशी त्याच दिवशी पाहिली. वाफेत बुडालेले धुलाईघर. एकच चादर दोन टोकांना धरून घडी घालणाऱ्या दोन बायका. बॉयलरपाशी डबा खाणारा मित्र. आमच्या स्वयंपाकघरातले टेबल आणि खिडकी. आणि एकात आमची आई. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. कानाला यंत्र, हातात जोडणीची वायर, आणि चेहऱ्यावर पलीकडचा माणूस बडबडतोय म्हणून आलेला कंटाळा. तो कंटाळा त्याने कसा लक्षात ठेवला, कोण जाणे. तिने नोकरी सोडली तेव्हा तो शाळेत होता.

प्राध्यापकांनी लिहून दिले : ‘चित्रे हाताने काढलेली आहेत. कलात्मक दर्जा सामान्य.’ माझा जीव पहिल्या वाक्याने भांड्यात पडला होता. निरीक्षकांनी मात्र दुसऱ्या वाक्याखाली रेघ मारली. चित्र चांगलेच असले पाहिजे असे नियमात आहे का, असे मी विचारले. ते खाली पाहत म्हणाले, "नियमात नाही. पण तज्ज्ञच सामान्य म्हणतायत. उद्या वरून विचारणा झाली तर मी काय सांगू?"

घरी येऊन मी आईला सगळी चित्रे तोंडी सांगितली. गुडघ्यांमुळे तिला जिने चढता येत नाहीत, आणि आपल्या संकुलातली लिफ्ट मालासाठी राखीव आहे. स्वयंपाकघराच्या चित्रात खिडकी उलट्या बाजूला काढली आहे, तो घर विसरला होता, असे मी बोलून गेले. आई म्हणाली, "विसरला नाही. दाढी करायच्या आरशातून तसंच दिसतं. तिथे उभा राहून बघ." मी उभी राहून पाहिले. तसेच दिसते.

५. यानंतर नमुना धुलाईचे पत्र आले. रंग टिकतो की जातो हे पाहण्यासाठी एक नग धुवावा आणि तो कोणता हे आयातदाराने सांगावे, असे त्यात होते. महोदय, मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. अर्ध्या दिवसाची रजा काढून आले आणि गोदामात त्या नऊ चित्रांपुढे उभी राहिले. आईला हात लावणार नव्हते. दोन बायका, मित्र, उरलेल्या चार चित्रांतले चेहरे, ही जिवंत माणसे. स्वयंपाकघर आमचे. शेवटी मी वाफेच्या धुलाईघराकडे बोट दाखवले, कारण त्यात कोणाचा चेहरा नाही असे मला वाटले. शिपायाने ते उचलले तेव्हा वाफेच्या मागे पाठमोरा उभा असलेला माणूस दिसला. उंच, एक खांदा जरा खाली. आमचा धाकटा तसाच उभा राहायचा. "थांबा, हे नको," असे मी म्हणाले. निरीक्षकांनी कागद दाखवला. नगाची नोंद झाली होती.

चादर परत आली ती इस्त्री होऊन, नीट घडी घालून, निर्जंतुकतेच्या प्रमाणपत्रासह. ती लगेच माझ्या ताब्यात देण्यात आली, त्याबद्दल आभारी आहे. आईने ती खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. मग उलट करून धरली. मग मला म्हणाली, "कुठे होता तो? हात ठेवून दाखव." मी अंदाजाने हात ठेवला. तिने आपला हात माझ्या हातावर ठेवला.

६. रंग टिकत नाही, म्हणजे ती चित्रे ठरत नाहीत, हे आता सिद्ध झाले असून, नियमाप्रमाणे उरलेले आठ नगही धुवावेच लागतील, असे आपले पत्र आहे. चित्रे परत पाठवावीत तर भावाच्या मित्राने ती खोली सोडली आहे आणि त्याचा नवा पत्ता आमच्याकडे नाही. हक्क सोडावा तर बेवारस रुग्णालयीन कापड जाळले जाते, असे निरीक्षकांनी मला बाजूला घेऊन सांगितले. तेव्हा धुलाईला माझी संमती आहे. केवळ पुढील विनंती आहे :

धुलाईच्या आधी माझ्या आईला एकदा गोदामात येऊ द्यावे. तिच्यासाठी खुर्ची आम्ही आणू. तिला मालाच्या लिफ्टमधून वर नेण्याची परवानगी द्यावी. लिफ्टने जाण्यासाठी तिचे वर्गीकरण करणे आवश्यक असल्यास जे योग्य वाटेल ते करावे, आमची हरकत नाही. ती चित्रे पाहत असताना तिला घाई करू नये.

या अर्जात मी आणखी एक वाक्य लिहिले होते, की धुतल्यानंतरच्या चादरी आम्हाला नकोत, एक घरात आहे तेवढी पुरे. अर्ज पाठवण्यापूर्वी आईला वाचून दाखवला. तिने ते वाक्य खोडायला लावले. म्हणाली, "आठही आण. माझ्या मुलाच्या आहेत."

म्हणून शेवटची विनंती. चादरी धुऊन आल्यावर सगळ्या सारख्याच पांढऱ्या दिसतील. घड्या घालताना प्रत्येकीला एक चिठ्ठी टाचावी, आणि त्या चादरीवर कोणते चित्र होते एवढे चिठ्ठीवर लिहावे. अक्षर कसेही चालेल.

परवानगीची वाट पाहणारी,

(सही)
अर्जदार, चित्रकाराची थोरली बहीण

दिनांक : टपालाच्या शिक्क्याप्रमाणे

सोबत :
१. रुग्णालयाच्या पत्राची प्रत
२. तज्ज्ञांच्या अभिप्रायाची प्रत
३. आईच्या गुडघ्यांविषयी डॉक्टरांचा दाखला