भावकाईचा उजवा कौल

४ फेब्रुवारी
हंडा झाकून ठेवला होता, तरी तळाला लाल गाळ. फडकं दुहेरी करून गाळलं आणि अंगणवाडीची खिचडी त्याच पाण्यात शिजवली. पोरं बिचारी मुकाट्यानं खातात. गावावरचं पठार म्हणजे आमचा सडा. त्याचा मावळतीचा अर्धा भाग खाणीनं पोखरला तेव्हा तिकडचा झरा आटला. आता भावकाईच्या देवळाखालचा एक उरलाय, अख्खं गाव त्यावर. आणि कंपनीला आता देवळाकडचा उरलेला अर्धाही हवाय. बॉक्साइट म्हणे तिकडं जास्त चांगलं!

हे कामावरून आले. भुवयांसकट लाल. दिवसभर ड्रिलनं सुरुंगाचे होल मारायचे आणि घरी येऊन दारातच खोकत बसायचं. म्हटलं, गारगोटीच्या डॉक्टरांनी काम सोडा सांगितलंय की. तर म्हणाले, "डॉक्टर घालणार हाय काय जेवाय?"

९ फेब्रु.
ग्रा.पं.त बैठक, उरलेला सडा कंपनीला द्यायचा का म्हणून. आम्ही बायका मागं, नेहमीप्रमाणे. सरपंच म्हणाले, "खाण बंद पडली तर तुमची माणसं काय खाणार?" कोणीतरी मागून, "आणि पिणार काय?" हशा झाला, पण कोरडाच. घराआड एक माणूस खाणीत आहे. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्हींत पाणी नाही.

हो म्हणायला कोणी तयार नाही, नाही म्हणायलाही नाही. शेवटी ठरलं, भावकाईला कौल लावायचा. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मीही सोडला. खोटं कशाला लिहू.

कौल लावणार आमचे मामंजी. गुरवकी आमच्या घराची. रात्री सासऱ्यांना म्हटलं, तुमच्या जिवाला घोर नाही लागला? "मला कसला घोर? मी नुसत्या कळ्या लावतो. बोलती ती."

१३ फेब्रु.
मामंजींचा उपास सुरू. घरात कोणी मोठ्यानं बोलत नाही.

मी मनात डावा कौल मागते. डावा म्हणजे नाही. झरा राहील, ह्यांची छातीही वाचेल. मग वाटतं, काम सुटलं की हे पुण्याला नाहीतर गोव्याला हमालीला जाणार. तरी डावाच मागते. भावकाई, एवढं ऐक.

१५ फेब्रु.
आत्ताच लिहायचंय.

कौल सकाळच्या पारी लावायची रीत. पण खाणीचे साहेब आल्याशिवाय सुरू करायचं नाही असं सरपंचांचं म्हणणं. साहेबांची गाडी दुपारी आली. हे ड्यूटीवर होते, म्हणून देवळात मी आणि मामंजीच घरचे. मामंजींनी ओल्या कळ्या देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवल्या. उजवी पडली तर खाणीला होकार, डावी पडली तर नकार. गाऱ्हाणं घातलं. कळ्या घट्ट. कोणी खोकतसुद्धा नव्हतं.

आणि खालून खाणीची शिट्टी. मग बार उडाला. पायाखालची फरशी हादरली, दारातली घंटा आपोआप किणकिणली. आणि उजवी कळी पडली.

"चांगभलं!" सगळं देऊळ ओरडलं. सरपंचांनी हात जोडले. मी आजूबाजूच्या बायकांकडं बघत राहिले, कोणीतरी काहीतरी बोलेल म्हणून. सगळ्या पाया पडत होत्या.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. भाकरीचा तुकडा हातातच राहिला. "दुपारचा बार माझ्या होलांचा हुता," म्हणाले. मग जेवलेच नाहीत.

१६ फेब्रु.
सरपंचांच्या घरी गेले. म्हटलं, कळी देवीनं नाही पाडली, बारानं पाडली. पुन्हा लावूया, खाण बंद असताना. तसे ते भले आहेत, खुर्ची दिली, चहा सांगितला. म्हणाले, "वहिनी, बार रोज उडतोय. रोज कळी पडती काय? तिनंच ती येळ धरली. आणि एक गोष्ट देवीला दोनदा इचारायची न्हाय, ही तुमच्याच घरची रीत की."

आमच्याच घरची. चहा तसाच टाकून आले.

वाटेत शेजारच्या आक्का म्हणाल्या, "सुनंदा, देवीच्या तोंडाला लागू नगंस. कोप व्हईल." म्हटलं, आक्का, कोप म्हणजे आणखी काय होतं हो? त्या रागावून निघून गेल्या. माझी जीभ अशीच, उचलली की लावली टाळ्याला. पण मला खरंच रडू येत होतं.

१९ फेब्रु.
मामंजी आज चुलीपाशी येऊन बसले, माझ्याकडं न बघता.

"ऐकली मी शिट्टी. कळी सुटाय लागली तवा हात पुढं गेलता माझा. पर हात लावला तर कौल मोडतो."

मी म्हटलं, मग तुम्ही सांगा की गावाला. तुमचं ऐकतील.

"काय सांगू? जलमभर कळ्या लावल्या. खाण आल्यापास्नं किती कौल झालं. लोकांची लग्नं ठरली त्यावर, भांडणं मिटली. त्यातली कुठली कळी तिनं पाडली आन् कुठली ह्या बारांनी, मला तरी काय म्हाईत?"

आणि रडले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा नाही. डोंगर गेला, पाणी गेलं, हे तर सगळे बोलतात. ह्या म्हाताऱ्याचं काय गेलं ते कोणाला सांगायचं? भयंकर राग येतो. कोणावर काढू ते कळत नाही.

२४ फेब्रु.
देवळापलीकडं यंत्रं चढली. रस्ता करायला झाडं पाडली. झऱ्याला अजून पाणी आहे. आज दोनदा जाऊन बघून आले.

मामंजी पूजेला गेले नाहीत. मीच दिवा लावून आले. देवीकडं बघवेना.

२७ फेब्रु.
हे लवकर आले. अंघोळही न करता उंबऱ्यावर बसले. उद्यापासून नव्या भागात काम, झऱ्याच्या डोक्यावर. पहिला होल ह्यांनीच मारायचा. साहेब म्हणाले म्हणे, गुरवाच्या घरच्या माणसानं मारला की गाव गप्प बसेल. नको असेल तर उद्या यायचं नाही, परवाही नाही.

"काय करू?" मला विचारलं. इतक्या वर्षांत मला असं कधी विचारलं नव्हतं. मी मामंजींकडं बघितलं. ते भिंतीकडं तोंड करून पडले होते.

"मला इचारू नगा," म्हणाले. "इचारायचंच भ्या वाटाय लागलंय."

मी पीठ मळत राहिले. जाऊ नका म्हणायचं होतं. उद्या चूल कशावर पेटवायची, हेही डोक्यात होतं. ह्यांच्या छातीतली घरघर भिंतीपलीकडं ऐकू जात होती.

२८ फेब्रु., सकाळ
डबा भरून दारात ठेवलाय. खाली कंपनीच्या जीपनं हॉर्न दिला, मग परत दिला. हे उंबऱ्यावर बसलेत. एका पायात बूट घातलाय, दुसरा हातात आहे.