नसीमचं 'फॉर्म्युलाज'

शिराळा, शुक्रवार, जून १९७४

आज सांगलीच्या वाचनालयात शब्दकोश चाळताना दिसलं, 'फॉर्म्युला'चं अनेकवचन 'फॉर्म्युली' होतं, तसंच 'फॉर्म्युलाज'ही. नववीच्या इंग्रजीच्या पेपरात नसीमनं 'फॉर्म्युलाज' लिहिलं होतं आणि मी त्यावर लाल रेघ मारली होती. एका मार्कानं ती नापास झाली, शाळा सुटली. इतकी खात्री मला आली तरी कुठून? एसटीच्या खिडकीबाहेर ऊस डुलत होता. मला ती लाल रेघच दिसत होती.

उतरले ती थेट तिच्या घरी. वडील शिलाई मशीनवर, नसीम काजं करत बसलेली.

"चूक माझी होती, नसीम. 'फॉर्म्युली'सारखंच तुझं 'फॉर्म्युलाज'ही बरोबर आहे. तू पास आहेस. उद्याच हेडसरांना सांगते."

मशीन थांबलं. "आवं बाई, म्हंजी साळंत धाडायची व्हय हिला?"

"धाडायचीच."

नसीमनं हळूच विचारलं, "बाई, दोन्ही बरोबर कसं?"

"शब्द लॅटिनमधून इंग्रजीत आलाय. कुणी त्याला माहेरच्या रीतीनं चालवतं, कुणी सासरच्या."

ती हसली. म्हणाली, "धाव्वीची पुस्तकं कवा मिळत्यात?"

तेव्हापासून मी नुसती तरंगतेय. हेडसर रागावतील. रागावू देत.