चुलीपाशी पाठमोरी

शहादा, मंगळवार, दिवेलागण

तळोद्याची एक विद्यार्थिनी आज माझ्यावर प्रकल्प करायला आली होती. अहिराणी सिनेमे काढणाऱ्या माणसावर कोणी प्रकल्प करतं, याचंच मला हसू आलं. पण पोरीने माझे सगळे सिनेमे पाहिलेत. म्हणाली, "सर, प्रत्येक सिनेमात आई चुलीपुढे बसलेली असते आणि कॅमेरा तिच्या मागे. तोंड एकदाही दिसत नाही. ही तुमची शैली का?"

मी म्हटलं, "कसली शैली! आईचं काम आमची शेजारची सुमनअक्का करते. ती कॅमेऱ्याला लाजते."

अक्का तिथेच चहा गाळत होती. म्हणाली, "मी कव्हय लाजनू रे? तूच ते सांगस, तिकडे तोंड कर."

मुलीने तेही लिहून घेतलं. मग दोघी गेल्या, आणि मी एकटाच बसलोय.

खोटं का बोललो? पहिल्या सिनेमाच्या शूटिंगला निघालो त्या सकाळी आई कळण्याची भाकर थापत होती. न वळताच म्हणाली, "जेवीसन जाय." जीप बाहेर उभी होती. मी तसाच निघालो, तिचं तोंडही न बघता. अक्कलकुव्याच्या डोंगरात फोन लागत नव्हता. परतलो, तोवर तिला अग्नी देऊन झाला होता.

उद्या पुन्हा चुलीचाच शॉट आहे. अक्काला सांगू का, या वेळी इकडे तोंड कर म्हणून? सांगितलं तर वळेल ती.

पण मग ती अक्काच असेल.