समुद्रावर कुठे राहावे

१८ फेब्रुवारी १९५७, चिंचवड

डॉक्टर आज हसले! वर्षभरात पहिल्यांदाच. रंभाची थुंकी तिसऱ्यांदा साफ आली. "आता हिच्यापासून कुणाला धोका नाही, अगदी कुणाला नाही. पण पोरीच्या अंगात काही उरलेलं नाही. दोन महिने समुद्रावर न्या. मोकळी हवा, दूध, झोप. पाऊस लागायच्या आत परत या."

रंभा खिडकीबाहेर बघत होती. माझी एकुलती एक, वीस वर्षांची. पण मनगट लहान पोरीचं दिसतं.

पुण्याहून येताना गाडीत बसले आणि आनंद ओसरला. समुद्रावर न्यायचं म्हणजे कारण सांगायचं. हवापालट म्हटलं की शेजारणी पुढे काही विचारत नाहीत – आपल्या पोरांना आत बोलावतात. वर्षभर सगळ्यांना सांगत आलो, रंभा पुण्याला शिवणाच्या क्लासला जाते. जात होती ती सुई टोचून घ्यायला.

आणि महाळुंग्याची माणसं! गेल्या माघात त्यांच्या ज्योतीरामशी रंभाची सुपारी फुटली आणि महिन्याभरात हिच्या रुमालावर रक्त दिसलं. आम्ही गप्प राहिलो. लग्न या हंगामात व्हायचं, पण दिवाळीत त्यांच्या घरातलं एक म्हातारं माणूस गेलं, म्हणून वर्ष पाळून पुढच्या मार्गशीर्षात. तोवर ही धडधाकट झाली पाहिजे आणि कुणाला कळता कामा नये. दोन्ही.

२१ फेब्रुवारी

वाट सापडली!

पुण्याचे प्रकाशक रंगराव केव्हापासून मागे लागले आहेत – कोकणकिनाऱ्यावर एक लहानसं पुस्तक द्या, काय पाहावे, कुठे राहावे. मैत्रीण कौशल्याबाईंबरोबर दोन हिवाळे तिकडे हिंडले होते, त्यावरचे माझे लेख त्यांनी मासिकात वाचलेत. मी टाळत होते. आज होकार कळवला. आता समुद्रावर मी जाणार – पुस्तकासाठी. मुलगी आईच्या सोबतीला.

ह्यांना सांगितलं. "लेखिकाबाईंच्या डोक्याला मानलं," म्हणाले. मग बराच वेळ पेपरमागे तोंड. ते वाचत नव्हते.

१ मार्च

लिहायला बसले. "आंजर्ल्याची खाडी तरीच्या होडीतून ओलांडावी. कड्यावरचा गणपती पाहून उतरू लागले की समुद्र एकदम पायांशी येतो." एवढं झालं आणि अडले.

मला ती ठिकाणं आता तशी दिसतच नाहीत. वेळणेश्वर – फार सुंदर, पण डॉक्टर कुठे? गुहागर – दुधातुपाची ददात नाही, पण घराला घर लागून, रात्रीचा खोकला चार घरांत ऐकू जाईल. मालवण लांब. दापोलीची हवा उत्तम, पण तिथे पुण्याची माणसं भेटतात. एकेक गाव डोळ्यांपुढे आणते आणि खोडते. वाचकांनी जिथे जावं म्हणून लिहिते आहे, तिथे मला माणूस नको आहे.

बाहेर निवडणुकीचा कर्णा. डोकं उठलं.

५ मार्च

कोकणात राहायचं म्हणजे कुणाच्या तरी घरी. आधी कळवायचं, त्यांच्यातलंच जेवायचं, निघताना जेवणाचं काय ते हातावर ठेवायचं. म्हणजे ज्यांच्या पडवीत निजणार त्यांना सांगायला हवं. त्यांच्याही घरात लेकरं असतात.

आंजर्ल्याच्या सुभद्राबाईंना खरं ते लिहिलं. आठ दिवस राहिले होते त्यांच्याकडे. निघताना डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या होत्या, "घर तुमचंच हो." डॉक्टरांचे शब्दही जसेच्या तसे लिहिले. चैत्रात येऊ का विचारलं.

१७ मार्च

सुभद्राबाईंचं उत्तर. फार गोड. वैशाखात मुंबईचे चाकरमानी येतात, पडवीसुद्धा रिकामी नसते, राग मानू नये.

मी चैत्र विचारला होता.

१९ मार्च

मग माझ्या डोक्यात आलं – चाकरमानी गेले की घरं रिकामी होतील, ज्येष्ठात जावं. पाऊस काय, इथेही पडतोच. आमच्या ओळीतल्या कुसुमताई दापोलीकडच्या, त्यांचे यजमान ह्यांच्याच कारखान्यात. सहज म्हणून त्यांना विचारलं. त्या हसत सुटल्या.

"ज्येष्ठात? अहो वहिनी, बोटी बंद होतात! नारळी पुनवेपर्यंत समुद्रात कुणी पाऊल घालत नाही. तुम्ही घाटावरची माणसं म्हणजे ना... तुम्हाला वाटतं समुद्र म्हणजे तुमची पवना, केव्हाही जावं नि धुणं धुवावं."

मीही हसले. दोन हिवाळे हिंडले त्या किनाऱ्यावर आणि एवढं कळू नये! हिवाळेच पाहिले ना मी.

निघाले तर दारात मला थांबवलं. आवाज खाली आणून – "रंभासाठी जायचंय ना?"

मी पुस्तकाचं सांगू लागले.

"असू दे हो. वर्ष झालं क्लासला जाऊन, पोरीच्या अंगात घरी शिवलेलं एक पोलकं दिसलं नाही. मला काय डोळे नाहीत?"

वर्षभर ही बाई रोज दारात बसते, रंभाला हाक मारून चाफ्याची फुलं देते. आणि तिला ठाऊक होतं! मग म्हणाल्या, मुरूडच्या पुढे त्यांची कुशामावशी असते, वाडीच्या अगदी टोकाला, माडांत घर, एकटी. "माझ्या भावाला झालं होतं तेव्हा त्याला तिनंच ठेवून घेतलं. तुम्ही लिहू नका, मी कळवते."

घरी येऊन रडले. का, ते कळलं नाही.

४ एप्रिल

कुशाबाईंचा होकार आला. दूध आहे. शेजार नाही. २७ तारखेला निघायचं ठरलं. पावसाआधी महिनाभर तरी मिळेल.

रंभाला सांगितलं. "बरं," म्हणाली. वर्षभर सगळ्याला बरंच म्हणते आहे.

१० एप्रिल

ठकुबाई आल्या. ज्योतीरामची आई. महाळुंग्याहून चाकणला कांदा घेऊन आल्या होत्या, तिथून आमच्यासाठी अर्धं पोतं घेऊन इकडे. त्या आल्या की घर लहान वाटायला लागतं.

"लय वाळली गं पोर! पुण्याचं शिवण खातंय का काय हिला?"

रंभा चहा करायला आत गेली. मी पुस्तकाचं काढलं. महिनाभर, सोबतीला रंभा, आपली परवानगी असावी... किती सफाईनं बोलले मी!

ठकुबाईंनी गालाला हात लावला. "सुपारी फुटल्याली पोर समुद्रावर? का, आमच्या इंद्रायणीला पाणी न्हाई व्हय?" मग स्वतःच हसल्या. "आईसंग जातीया, मंग मी कोण नगं म्हननारी." रंभानं चहा आणून ठेवला. "विहीनबाई, त्याचा पल्याडचा काठ दिसतो का हो?"

नाही म्हटलं.

"अजाबात न्हाई?"

"नाही. नुसतं पाणी."

पेला हातात धरून बसल्या. चहा निवला. मग मला म्हणाल्या, "मी बी येते. आठ दिस. धनी गेल्यापासून शिवार, बाजार आन तुमचं दार सोडून कुठं पाय टाकला न्हाई मी. तुमचं लिवायचं असंल ते लिवा, मी आन पोरगी पान्याशी बसू."

मी हो म्हटलं असावं. कारण जाताना त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

११ एप्रिल

हे म्हणतात, नाही म्हणून कळव. कारण काय देऊ? पुस्तक?

एक खोली, एक माठ, औषधाच्या पुड्या, दुपारची सक्तीची झोप. आठ दिवस कसं लपणार?

१५ एप्रिल

पुस्तकाचं पान पुढे सरकलं नाही. फार दमले आहे.

१९ एप्रिल

ज्योतीरामही ह्यांच्याच कारखान्यात; त्यानं ह्यांना सांगितलं – आईनं ठेवणीतलं लुगडं उन्हात घातलंय, सगळ्या वाडीला सांगून झालंय. ह्यांनी ते मला सांगितलं आणि न जेवता निजले.

रंभा म्हणाली, "नेऊ या ना त्यांना."

"आणि तुझं ताट?"

बोलून गेले! तिचं ताट, पेला, तांब्या – वर्षभर वेगळे. काठाला खूण केलेले. डॉक्टर म्हणाले आता गरज नाही. दोन महिने झाले त्याला. मी अजून वेगळेच घासते. मुद्दाम नाही, हातच तसा जातो. तिनं ताट उचलून फळीवर ठेवलं – त्याच्या जागी.

२५ एप्रिल

सगळं संपलं. क्रमानं लिहिते, म्हणजे डोकं शांत होईल.

ठकुबाई सकाळीच आल्या, निघायच्या दोन दिवस आधी. बोचक्यात दशम्या, लसणाची चटणी, आणि समुद्राला वाहायला खण-नारळ. "रिकाम्या हातानं कसं जायाचं त्याच्या दारात?" हे पहिल्या शिफ्टला गेलेले. कुसुमताईही येऊन बसल्या. बोट लागते तेव्हा लिंबू हुंगावं, असं काय काय त्यांना सांगत होत्या. हसणं चाललं होतं. मलासुद्धा वाटलं, निभेल.

जेवायला बसलो. मी पानं मांडली. रंभाचं खुणेचं ताट बाजूला. ठकुबाईंनी ते मागे सारलं. "हे कशापायी? आमच्यात सुपारी फुटली का सासू-सून एका ताटात जेवत्यात. इतके दिस जमलं न्हाई. ये, बस माझ्याजवळ." आणि भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून रंभाच्या तोंडापुढे धरला.

रंभानं तोंड मागे घेतलं. मी म्हटलं, "तिला आज उपास..."

"उपास नाही," रंभा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आत्याबाई, मला क्षय झाला होता. सुपारी फुटली त्यानंतर महिन्यानं. डॉक्टर म्हणतात आता नाही. समुद्रावर आम्ही पुस्तकासाठी चाललो नाही, माझ्यासाठी चाललोय. आता हा घास मला द्यायचा का नाही, ते तुम्ही ठरवा."

तो हात तसाच होता. मग ठकुबाईंनी घास ताटात ठेवला. कुसुमताई हळूच उठून गेल्या.

ठकुबाई माझ्याकडे वळल्या. रंभाकडे नाही. "तुमी मला का न्हाई सांगितलंसा?"

मी भाकरीची टोपली उगाच पुढे सारली.

"दुकनं कुनालाबी येतं. मी तुमच्या दारात कांदं घेऊन येते, पोरीला वाळली म्हनून चिडवते, आन तुमी माज्या तोंडाकडं बघून हसता!"

मोरीवर जाऊन हात धुतले. जेवण तसंच ताटात. बोचकं उचललं, पुन्हा खाली ठेवलं, दशम्या काढून चुलीपाशी ठेवल्या. "वाटंत खावा." आणि गेल्या. खण-नारळ घेऊन गेल्या.

मी रंभावर ओरडले. फार वाईट बोलले. वर्षभराचं एका घासापायी घालवलंस म्हटलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, त्या मला भरवत होत्या गं."

२६ एप्रिल

उद्या निघणं होत नाही. कुसुमताईंना मावशीला कळवायला सांगितलं.

रंभा दुपारी झोपली. अगदी गाढ, तोंड उघडं टाकून. मी दोनदा जाऊन श्वास पाहिला. सवय.

३० एप्रिल

निरोप आला. सोयरीक नको म्हणतात.

ज्योतीराम कारखान्याच्या फाटकाशी ह्यांना भेटला. मान खाली. आई म्हणते, आजार सांगितला असता तर थांबलो असतो. लपवलं, त्याला इलाज नाही. खरं असेल. नसेलही. आता कुणाला विचारणार?

"तो स्वतः काय म्हणाला?" मी विचारलं.

"काही नाही. त्यानं शिफ्ट बदलून घेतली."

रंभाला कोण सांगणार म्हणून आम्ही दोघं बसून राहिलो. ती ओट्यावरूनच म्हणाली, "मला ऐकू आलं."

जेवणं झाली. भांडी घासताना लक्षात आलं, तिचं ताट मी सगळ्यांबरोबर घासलं होतं. मग आठवलं – आज तिनंच वाढलं होतं, खुणेचं ताट फळीवरच ठेवून; तिघंही घरातल्या पितळी ताटांतच जेवलो.

३ मे

सकाळी माझे कागद पसरले होते. रंभा येऊन समोर बसली, एकेक पान उलटून वाचायला लागली. कुठे जायचं ते तिला मी आजवर एकदाही विचारलं नव्हतं.

"आई, या सगळ्यांत खूप माणसं कुठे असतात? बाजार, आरडाओरडा, असं?"

हर्णै, म्हटलं. संध्याकाळी होड्या लागतात, वाळूवरच मासळीचा लिलाव चालतो, कानठळ्या बसतात.

"मग तिथे राहू."

तिथे माझ्या ओळखीचं एकही घर नाही. दारोदार विचारत जावं लागेल. ती म्हणते, "मी विचारीन."