बुधवारचं दुसरं ताट

कोपरखैरणे,
सोमवार, १९ जानेवारी २०२६

मालतीबाई, नमस्कार.

'सादर' लिहिणार होतो, पण तुम्ही हसला असता. गुडघा बरा आहे. लिफ्ट कालपासून बंद आहे, त्यामुळे दमलोय. खरं तर हल्ली जिन्याशिवायही दमतो.

दोन इमारती पलीकडे राहणाऱ्या बाईला पत्र कशाला, असं वाटेल. समोर आलो की माझं भाषण सुरू होतं आणि तुम्ही म्हणता, "दिनानाथराव, माइक बंद करा." म्हणून लिहितो.

तुमचं कालचं फोनवरचं बोलणं ऐकलं. रविवारी तुमची निशिगंधा जर्मनीहून येतेय, आमचा केयूर पुण्याहून. दोघांना समोर बसवून सांगायचं, की आम्ही लग्नबिग्न करत नाही. एकटे आहोत म्हणून मुलांनी आम्हाला उचलून आपापल्या घरी नेऊ नये, एवढ्यासाठी मारलेली ती थाप होती. "तुम्हीच सांगा, तुम्हाला बोलायची सवय आहे," म्हणालात.

आहे ना. रबाळ्यात कारखान्यांच्या गेटवर उभं राहून मी भल्याभल्या मालकांना घाम फोडलाय. साठीनंतरही माणसाला जोडीदार शोधायचा हक्क आहे, यावर घसा बसेपर्यंत बोललोय. मुलांना थाप पटली ती त्या भाषणांमुळेच. केयूर म्हणाला, "बाबा, शेवटी बोललात तसं वागलात!" आता त्याने बेलापूरला लग्ननोंदणीची चौकशीही करून ठेवलीय. सोसायटीच्या गेटवर हौसेराव रोज विचारतात, "काय नेते, लाडू कधी?"

गेल्या महिन्यात सूनबाई आली होती, अस्मिता. मटार सोलता सोलता मोबाइलवर जपानी कार्टून मालिका बघत होती. त्यात एक मुलगा आणि एक मुलगी प्रेमाचं सोंग करतात.

"शेवट काय?" मी विचारलं.

"तोच, बाबा. खरंच प्रेमात पडतात. दर वेळी."

"मग बघतेस कशाला?"

"अख्ख्या कॉलेजला कळलेलं असतं, त्या दोघांनाच कळत नाही. ते बघायला."

मी तिला बाजारू करमणुकीवर बरंच सुनावलं. ती मटार सोलत राहिली.

मालतीबाई, आपलं ठरलं होतं की बुधवारी निशिगंधाचा व्हिडिओ कॉल येतो, तेव्हा मी तुमच्याकडे जेवताना दिसायला हवं. मागच्या बुधवारी तिने सकाळीच दोघांनाही कळवलं होतं, आज मीटिंग आहे, फोन जमणार नाही. तरी मी आलो. तुम्ही दुसरं ताट मांडून ठेवलं होतं. फोनचा विषय तुम्ही काढला नाहीत, मीही नाही.

रिकाम्या सभागृहात मी कधी बोललो नाही. त्या दिवशी बोललो. ही गेल्यापासून मी ओट्याशी उभ्या उभ्याच जेवतो, हे केयूरलाही ठाऊक नाही, ते तुम्हाला सांगितलं. तुम्ही वालाचं बिरडं वाढत राहिलात. माइक बंद करा म्हणाला नाहीत.

खरं सांगायला माझी ना नाही. जन्मभर तेच करत आलो. पण रविवारी उभा राहिलो तर त्यांना नेमकं कुठलं खरं सांगू?

त्याआधी बुधवार येतोय. मी नेहमीच्या वेळी येईन. त्या संध्याकाळी फोन करू नकोस, असं निशिगंधाला सांगाल का? एकच ताट दिसलं तर मी समजेन, आणि रविवारी मुलांना स्पष्ट सांगेन. भाषण न करता.

कोणी बघत नसतानाही
तुमचा,
दिनानाथ