न भरडलेला दाणा

आबा, नवरा गेल्यावर मी तुमच्या घरी परत आले त्याच वर्षी तुमच्या उरलेल्या दाढा पडल्या. दोन्ही गोष्टींबद्दल आपण घरात बोललो नाही. तुम्ही सरदारांच्या पागेत दाण्याचं काम पाहत होता. हरभरा किंवा कुळीथ गाडीतून उतरला की पोत्यातले चार दाणे दाढेखाली धरायचे आणि सांगायचं: कोरडा आहे, दमट आहे, कीड लागली आहे. तुम्ही मान हलवल्याशिवाय पोतं कोठारात जात नसे. दाढा गेल्यावर तुम्ही नवा माल एक दिवस बाहेर ठेवायला लावू लागलात. "वारा लागू दे त्याला," म्हणायचात. संध्याकाळी धोतराच्या सोग्यात मूठभर दाणे बांधून आणायचात आणि चुलीपुढं माझ्या हातावर ठेवायचात. मी चावते, तुम्ही डोळे मिटून ऐकता. कोरडा हरभरा कट्कन फुटतो, दमट असला तर आवाज न करता चेपतो. "चव?" तुम्ही विचारता. मी सांगते. "घाई नगं. गिळायच्या आधी जिभंवर ठेव." असं करत दोन वर्षांत तुम्ही मला सगळं शिकवलंत. दुसऱ्या दिवशी पागेत तुम्ही दाणा तोंडात टाकायचात, गालात फिरवायचात आणि माझं उत्तर सांगायचात. हे मला ठाऊक होतं आणि चाचांना. चाचा म्हणजे तुमचे मित्र, त्याच पागेत घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार. तीस वर्षं घोड्यांची तोंडं उघडून पाहणाऱ्या माणसापासून तुमचं तोंड लपलं नव्हतं.

महाराजांच्या पागेचं नाव तेव्हा सगळीकडं होतं, आणि आपल्या सरदारांनाही तसलं एक जनावर हवं होतं. विलायती घोडी आली. तिच्या सवयीचं म्हणून तिच्या मागोमाग राय नावाचं धान्य आलं. गव्हाच्या कुळातलं, पण गव्हाहून सडपातळ, करड्या-हिरव्या रंगाचं. आपल्याकडं ते कुणी पाहिलं नव्हतं. सरदारांचे कारभारी स्वतः पोत्याजवळ उभे राहिले, त्यामुळं वाऱ्याचं कारण सांगायची सोय उरली नाही. मी तुमची भाकरी घेऊन कोठाराच्या दारात उभी होते. तुम्ही दाणा तोंडात टाकला, गालात फिरवला.

"चांगलं हाय," तुम्ही म्हणालात.

"द्यायचं कसं?"

"कुळथागत. रातभर भिजवायचं आन् सकाळी द्यायचं."

त्या संध्याकाळी मी तो दाणा चावला. खड्यासारखा कडक. फुटल्यावर आतलं पीठ दातांना डिंकासारखं चिकटलं, जिभेनं काढावं लागलं. मी काही दाणे पाण्यात टाकून ठेवले आणि सकाळी पुन्हा चावून पाहिले. कुळीथ भिजून मऊ होतो. हा फुगला होता, पण साल तशीच चिवट होती. "आबा, हे भरडाय पायजे. आन् थोडंच, कोंड्यात मिसळून," मी म्हणाले.

"सांगून झालंय."

"आज परत सांगा की."

"काय सांगू? काल चावता आलं न्हाय म्हनून?" तुम्ही ताट बाजूला सारलंत. "पागंत माझं तोंड चालतंय, तुझं न्हाय."

चार-सहा दिवसांत घोडीच्या लिदीत अख्खे दाणे दिसू लागले, जसे गेले तसे बाहेर आलेले. पागेच्या अंगणात चिमण्यांची झुंबड उडाली. चाचा हसून म्हणाले, "लेका, घोडी सोडून चिमण्या पाळाय लागलास व्हय?" तुम्हीही हसलात. घोडी वाळत चालली म्हणून कारभाऱ्यांनी दाणा वाढवायला सांगितलं, आणि तुम्ही वाढवलात. मग एका सकाळी तिचं पोट फुगलं. ती मान वळवून स्वतःच्या कुशीकडं बघत होती, बसत होती, उठत होती. चाचा तिला अंगणात फिरवत होते. माझ्या हातात भाकरीचं फडकं होतं. "नुसता बघत काय ऱ्हायलास? बोल की कायतरी," चाचा तुम्हाला म्हणाले. तुम्ही बोलला नाहीत. मी फडकं ओट्यावर ठेवलं आणि मागच्या बाजूनं कारभाऱ्यांच्या खोलीत गेले.

घोडी वाचली. दुपारी तिचा दाणा बंद झाला. दोन दिवसांनी राय भरडून, एक वाटा राय आणि दोन वाटे कोंडा असं द्यायला लागले. तुम्हाला बोलावून कारभाऱ्यांनी "तोंड उघडा," एवढंच म्हटलं. कामावरून काढलं नाही. गवताच्या गंजीवर नेमलं. त्या दिवशी घरी येऊन तुम्ही भाकरी दुधात कुस्करलीत, पहिल्यांदा माझ्यासमोर. "चाचानं सांगितलं," म्हणालात. मी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

त्यानंतर अकरा वर्षं तुम्ही चाचांशी बोलला नाहीत. ईदेला त्यांच्या घरून शीरखुर्मा यायचा, तुम्ही तो शेजारी द्यायला लावायचात. रस्त्यात ते समोर आले की तुम्ही बाजू बदलायचात, आणि तुम्ही बदलण्याआधीच ते बदलू लागले. तुमच्या तिरडीला त्यांनी खांदा दिला. पंचगंगेवर अग्नी देऊन परतलेला माझा भाऊ आत गेला तसे ते आमच्या दाराशी थांबले आणि मला म्हणाले, "पोरी, मी त्या दिशी घोडी फिरवत हुतो. तू कुठनं आलीस ते बघितलं." ते जायला वळले आणि म्हणाले, "आता कुणाला सांगत बसू नगंस. मला शिव्या दिऊन त्यो दोन घास जेवत तरी हुता. तुला दिल्या असत्या तर जेवलाच नसता."

चाचाही गेले. हा कागद कुणाच्या हाती द्यायचा नाही, म्हणून उरलेलंही लिहिते. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की घोडी मरत होती म्हणून मी गेले, आणि ते खरं आहे. पण कारभाऱ्यांनी माझं ऐकून घेतल्यावर रायचं पोतं मागवलं, मूठ भरून माझ्यापुढं धरली आणि म्हणाले, "तूच सांग." मी चावलं. घाई केली नाही. जिभेवर ठेवलं, मग सांगितलं. ते आणि त्यांचा कारकून, दोघं उभे राहून ऐकत होते. बाहेर तुम्ही होता, घोडी होती. आबा, तेवढा वेळ मला बरं वाटलं होतं.