आडोशामागचे फासे

फोर्ट वेन, जुलै

प्रिय वेंडेल,

‘प्रिय’ लिहिताना हात अडखळला, पण पत्राची सुरुवात शिवीने करू नये असं आईने शिकवलंय, म्हणून राहू दिलं. तुझी चिठ्ठी मिळाली. ‘तू यंदा परीक्षक आहेस असं कळलं. जुनं सगळं मागे टाकून माझ्या खेळापासून लांब राहण्याचा मोठेपणा दाखवशील ना?’ मोठेपणा! तुझ्या लेखणीतून हा शब्द वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्याने हसले. चार वर्षांत पहिल्यांदा लिहिलंस, तेही बंदोबस्त करायला.

परीक्षक झाले ते खेळणाऱ्यांच्याच मतांनी. कुठल्या कुठल्या गावची माणसं, ज्यांच्या टेबलावर मी कधी तरी फासे टाकून पात्रांची गोष्ट पुढे नेणारी सूत्रधार म्हणून बसले होते, त्यांनी मतं दिली. तेव्हापासून ओसरीवर खोक्यांचा डोंगर आहे. टपाल टाकणारी बाई रोज विचारते, ‘काय गं, दुकान काढलंस की काय?’ जगभरातले लोक आपापले खेळ पाठवतात, आम्ही पाच जण ते वाचतो, त्यातले पाच निवडतो आणि मग ‘वीसमुखी’ पुरस्कार कुणाला द्यायचा ते चाहते मत देऊन ठरवतात. जेवताना वाचते, कपडे धुवायला टाकून वाचते. ड्रॅगन आणि शापित राजपुत्र यांचा आता इतका वीट आलाय की एखाद्या खेळात नुसता सुतार भेटला तरी बरं वाटतं.

तर अशाच एका खोक्यातून तुझं ‘बुडालेलं गाव’ निघालं. चित्रं सुरेख आहेत, खोटं कशाला बोलू? पहिल्या पानावर ‘कल्पना आणि निर्मिती : वेंडेल स्ट्रूब’. आभाराच्या पानावर तुझा कुत्रा. कुत्र्याबद्दल माझी तक्रार नाही, गुणी आहे बिचारा. पण ते गाव माझ्या आईचं, वेंडेल. धरणाखाली गेलेलं. तिने मला सांगितलेली शाळेची घंटा, न्हाव्याची खुर्ची, चर्चच्या पायरीला गेलेला तडा, सगळं तुझ्या पुस्तकात जसंच्या तसं आहे. गुरुवारी संध्याकाळी वाण्याच्या दुकानामागच्या खोलीत आपण मी रचलेला हा खेळ खेळायला बसायचो. खेळात तुमची पात्रं होडीतून जाऊन त्या पाण्यात बुड्या मारायची आणि आपापल्या घरातल्या वस्तू वर आणायची. तू एकदाही खायला काही आणलं नाहीस आणि सगळ्यांच्या पाईवर हात मारलास, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण तेव्हा माझं तुझ्यावर प्रेम होतं आणि मला तेसुद्धा लाडिक वाटायचं.

खेळ चोरलास ते मी कदाचित गिळलं असतं. खरंच. वर्ष-दोन वर्षं दातओठ खाल्ले असते आणि गप्प बसले असते. पण पुस्तकाच्या मधोमध एक चौकट आहे, ‘असं खेळू नका’. त्यात एक म्हातारा, बायकोची पाईची थाळी हातात धरून पाण्याखाली गोष्टी सांगत बसणारा, सगळ्यांचा खोळंबा करणारा. नाव बदललंस, पण स्कूलबस चालवून निवृत्त झालेला, बायको गेल्यावर आपल्या टेबलाशी आलेला म्हातारा या जिल्ह्यात ओडेलशिवाय दुसरा कोण आहे? ओडेलने ते वाण्याच्या दुकानात उभ्या उभ्या वाचलं. पुस्तक परत फळीवर ठेवलं आणि म्हणाला, ‘पोरी, मी एवढा पकवत होतो होय तुम्हाला? सांगायचं तरी.’ त्यानंतर तो गुरुवारी आलेला नाही. मी दोनदा त्याच्या दारात जाऊन आले. ‘गुडघा दुखतोय’ म्हणतो. गुडघा कसला दुखतोय! तुला याचा जाब विचारल्याशिवाय मी राहणार नाही, हे मी त्या दारातच ठरवलं.

आता तुझ्या काळजीचं सांगते. मी लांबच राहिले. निवडीच्या बैठकीत तुझा खेळ निघाला तेव्हा ‘या माणसाशी माझे संबंध होते’ एवढं सांगून नियमाप्रमाणे बाहेर जायला उठले. आमची प्रमुख थेल्मा म्हणाली, ‘जाताना काही सांगायचंय का? तू याला ओळखतेस, आमचं कुणाचं खेळून झालेलं नाही, नुसतं वाचलंय.’ एवढ्या ढिगात प्रत्येक खेळ खेळून बघायला वेळ कुणाला असतो? तुझा खेळ वाचायला तर फारच गोड आहे. मी म्हटलं, ‘काही नाही.’ आणि बाहेर जाऊन सँडविच खाल्लं. तोंडातून एक शब्द काढला असता तर तुझा खेळ तिथेच गळला असता. मी मूग गिळून बसले आणि तो पहिल्या पाचात गेला. अभिनंदन.

गप्प बसले, कारण तो खेळ टेबलावर चालतच नाही, वेंडेल. नियम तू बरोबर उतरवलेस : प्रत्येक घरात फासा टाकायचा, हातात जितक्या वस्तू आहेत त्याहून मोठा आकडा पडला पाहिजे, नाही तर श्वास संपला, पात्र बुडालं. सहा बाजूंचा फासा आणि हातात तीन वस्तू. हिशेब कर. दुसऱ्या-तिसऱ्या घरात सगळे मेले. मग आपण दोन वर्षं कसे खेळलो? श्वासाचे फासे मी पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकायचे आणि खोटे वाचायचे. कुणी हातातल्या वस्तूची खरी आठवण सांगायला लागलं की मी फासा बघायचेच नाही. बोलणाऱ्याला पाणी बुडवत नाही, हा माझा नियम होता. ओडेल बोलायचा, म्हणून ओडेल तरायचा. टेबलावर सगळ्यांना हळूहळू उमगलं होतं. तुला नाही, कारण दुसरं कुणी बोलत असलं की तू आपल्या कागदावरचे आकडे बघत असायचास. तू तर एकदाही काही सांगितलं नाहीस. तुझं पात्र पहिल्याच महिन्यात बुडालं होतं. पुढे प्रत्येक गुरुवारी मी तुला प्रेमापोटी जिवंत ठेवलं आणि तू मात्र सगळ्यांना सांगत फिरायचास की फासे तुझ्यावर खूश आहेत.

हे सगळं आत्ताच का सांगते? पहिल्या पाचांच्या कर्त्यांना इंडियानापोलिसला भरणाऱ्या खेळांच्या मेळ्यात, शनिवारी, मतदारांसमोर स्वतःचा खेळ चालवावा लागतो, छापलेल्या नियमांनी. आडोसा नाही, फासे उघड्यावर, वर कॅमेरा. खेळ तुझ्या डोळ्यांसमोर बुडणार, आणि तो वाचवायचा नियम आता तुला माहीत आहे. पण तो चुपचाप वापरता येणार नाही. समोर बसलेल्या प्रत्येकाच्या हातात तुझं पुस्तक असेल, आणि त्यात त्याच वागण्यावर तू फुली मारली आहेस. वापरायचा असेल तर माइक हातात घेऊन सांगावं लागेल की ही चौकट चुकीची आहे, हे गाव रोबर्टाच्या आईचं आहे आणि तो म्हाताराच बरोबर खेळत होता. सांगितलंस तर कदाचित जिंकशीलही, मी आड येणार नाही. नाही सांगितलंस तर बूड. ओडेलला मी गुडघ्यासकट घेऊन येते आहे आणि पहिल्या रांगेत बसवणार आहे. त्याला हल्ली कमी ऐकू येतं, तेव्हा जे काही बोलशील ते मोठ्याने बोल.

एके काळी तुझीच,
रोबर्टा